‘सगळं जीएमच’ असं धरणं म्हणजे खोटं लिहिणं का?

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार.

अन्नविज्ञानात एम.एस्सी. केल्यावर आठ महिन्यांपूर्वी मला पहिली नोकरी लागली. जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम, पिकांच्या सुरक्षिततेची कागदपत्रं तयार करणं हे आमच्या गटाचं काम. सोयाबीनच्या एका नव्या वाणात एक नवं प्रथिन तयार होतं. ते लोकांच्या पोटात रोज किती जाईल याचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, “लोक जेवढं सोयाबीन खातात ते सगळं आपल्याच वाणाचं आहे असं धर.” मी धरलं. दोन वर्षांच्या मुलांचा आकडा एवढा मोठा आला की मलाच धडकी भरली. दर किलो वजनामागे दिवसाला 167 मायक्रोग्रॅम, तेही नुसत्या सोया दुधातून! साहेबांना दाखवला तर म्हणाले, “उंदरांना दिलेल्या डोसाच्या मानाने हे 6,000 पटींनी कमीच आहे. काय बिघडलं?”

बिघडलं काही नसेलही, पण मला झोप लागत नाही. हे वाण अजून बाजारात आलेलंसुद्धा नाही. आज ते कुणीच खात नाही, आणि उद्या आलं तरी सगळं सोयाबीन तेच थोडंच असणार आहे? मग ‘लोकांचे दैनंदिन सेवन’ असा मथळा देऊन मी केलेला तक्ता सरळसरळ खोटा नाही का? कुणी तो उचलून ‘लहान मुलांच्या पोटात रोज इतकं जीएम प्रथिन’ असं छापलं तर? त्यात परवा जेवताना मामाने विचारलं, “तू यातली ना? मग सांग, आपण रोज किती जीएम खातो?” मला एक आकडा सांगता आला नाही. सगळे हसले.

सही करू की नको? तक्त्याचं एक पान सोबत जोडलंय. आकडे बदललेत, मांडणी तीच आहे. आणि प्लीज, मला अहो-जाहो करू नका.

आकड्यांत अडकलेली

उत्तर

तुझे साहेब पद्धतीच्या बाबतीत बरोबर आहेत. तुझा मथळा चुकलाय. आणि तक्त्यात एक तिसरीच भानगड आहे, ती तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली. आता तू सांगितलंस म्हणून अरे-तुरे करते, पण त्या भानगडीबद्दल जरा रागावणार आहे, हेही सांगून ठेवते.

आधी ‘सगळं आपलंच वाण’ या गृहीतकाकडे बघू. तुला ते खोटं वाटतं, कारण तू ते ‘लोक किती खातात’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचते आहेस. साहेबांच्या मनातला प्रश्न तो नव्हताच. त्यांचा प्रश्न असा की सगळ्यात वाईट धरलं तरी धोक्याच्या जवळपास जातो का? पूल बांधणारा इंजिनिअर पुलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेले ट्रक खेटून उभे आहेत असं धरूनच हिशेब करतो. म्हणून कुणी त्याला ‘रोज इतके ट्रक जातात असं खोटं लिहिलंस’ म्हणत नाही. अर्थात त्याने त्याच आकड्याला ‘पुलावरील दैनंदिन वाहतूक’ असा मथळा दिला, तर मात्र जरूर म्हणावं.

दुसरं म्हणजे, खरा वाटा काढायचा म्हटलं तरी कुठून काढणार? तूच म्हणतेस की वाण बाजारात नाही. सुरक्षिततेचं मूल्यांकन परवानगीच्या आधी होतं, त्यामुळे त्या दिवशीचं खरं सेवन कायम शून्यच असतं. शून्यावरून कसली सुरक्षितता सिद्ध करणार? आणि वाण बाजारात आल्यावरही धान्य कोठारात, जहाजात, गिरणीत एकमेकांत मिसळतं. 2019 साली जगातल्या सोयाबीनच्या क्षेत्रापैकी सुमारे 74 टक्के क्षेत्र जनुकीय बदल केलेल्या वाणांखाली होतं, मक्याचं सुमारे 31 टक्के. पण या टक्केवारीत वेगवेगळे गुण असलेली कितीतरी वाणं आहेत, आणि ती शेतातली टक्केवारी आहे, ताटातली नाही. एखाद्या घरात वर्षभर एकाच ब्रँडचं सोया दूध येतं. त्या ब्रँडने नेमकं तुमच्याच वाणाचं बी घेतलं, तर त्या घरातल्या मुलासाठी वाटा 100 टक्केच झाला की! सरासरी 5 टक्के निघाली म्हणून त्या मुलाला 5 टक्क्यांचा दिलासा कसा देणार?

कोडेक्स, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था, तिच्या 2003 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये पोषणाच्या अंगाने बोलताना हेच सांगितलंय. अपेक्षित सेवन नेहमीच्या पातळीवरही तपासा आणि कमाल पातळीवरही, कारण जास्तीत जास्त शक्य सेवन धरलं तर नको असलेला परिणाम नजरेतून सुटत नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफ्सा, नव्या प्रथिनांचा अंदाज काढताना नेहमीच्या पदार्थाच्या जागी पूर्णपणे जीएम पदार्थ आला असंच धरतं. म्हणजे तुझ्या साहेबांनी पदरचं काही सांगितलेलं नाही.

आता त्या पानाकडे येते.

तिसरी ओळ बघ. ‘सोया दूध, 200 ग्रॅम, प्रथिन 10 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, एकूण 2,000 मायक्रोग्रॅम.’ त्याला 12 किलोने भागलंस, 167 आले. 12 किलो बरोबर घेतलंस, एफ्साही एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी तेवढंच वजन धरते. पण हा 10 कुठून आणलास? वरच्या ओळीवरून. वरच्या ओळीत लिहिलंय ‘दाणा’. म्हणजे दाण्यातलं प्रमाण घेऊन तू ते दुधाला लावलंस! अगं, 200 ग्रॅम दूध म्हणजे 200 ग्रॅम सोयाबीन नव्हे. त्यात दाणे 20 ग्रॅमच्या आसपास, बाकी पाणी. रेसिपीप्रमाणे थोडं कमीजास्त होईल, पण दहास एक हे प्रमाण हिशेबाला सोयीचं आहे. 20 ग्रॅम दाण्यात 200 मायक्रोग्रॅम, भागिले 12, म्हणजे सुमारे 17. तुझी झोप उडवणारा आकडा दहा पटींनी फुगलेला होता, आणि त्यातला एकही पट साहेबांच्या गृहीतकामुळे नाही.

आणखी एक. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कोरडे वजन’ लिहिलंय. प्रयोगशाळा बहुतेक वेळा प्रथिनाचं प्रमाण कोरड्या वजनावर देते. आहार सर्वेक्षणात मात्र लोक खाल्लेल्या पदार्थाचं वजन सांगतात, ओलं, शिजलेलं, पाण्यासकट. सुक्या दाण्यात ओलावा दहा-बारा टक्के असतो, म्हणून तिथे फरक थोडा पडतो. पण हाच गोंधळ कोवळ्या, उकडलेल्या दाण्यांच्या बाबतीत केलास, जिथे तीन चतुर्थांश पाणीच असतं, तर आकडा चौपट होईल. प्रत्येक ओळीत ‘कोरडं की ओलं’ आणि ‘मूळ दाण्यात किती’ असे दोन रकाने घाल. कंटाळवाणं काम आहे. माझ्या अनुभवात या कामातल्या निम्म्याहून जास्त चुका या दोन रकान्यांतच सापडतात.

साहेब म्हणतील, “167 काय नि 17 काय, दोन्ही सुरक्षितच.” उंदरांना दर किलोमागे 1 ग्रॅम दिलं आणि काही झालं नाही असं तुझ्या पानावर आहे. म्हणजे 6,000 पट अंतर होतं, ते आता 60,000 पट झालं. निष्कर्ष तोच. मग मी एवढी का रागावते? कारण ‘सगळं आपलं वाण’ ही ठरवून केलेली अतिशयोक्ती आहे. ती का केली हे तुला सांगता येतं, दुसऱ्याला तपासता येतं आणि उद्या गरज पडली तर काढताही येते. दुधाची चूक नकळत झालेली. ती कुठे आहे हेच माहीत नसल्याने ती काढता येत नाही. आणि आज चुकून वरच्या बाजूला गेलीस, उद्या नेमकी याच्या उलट जाशील. सोया प्रथिनाची पूड घे. तिच्यात मूळ दाण्यापेक्षा प्रथिन कितीतरी घट्ट असतं. तिथे दाण्याचाच 10 लावलास, तर खरं सेवन कमी दाखवशील, आणि तेव्हा कुणाला धडकीही भरणार नाही.

जाता जाता, उंदरांचा तो डोस एकदाच दिलेला होता की महिनाभर रोज? पानावर लिहिलेलं नाही. एकदाच दिला असेल, तर त्याची तुलना एखाद्या दिवशी जास्तीत जास्त किती खाल्लं जाईल याच्याशी करायची. रोजच्या सेवनाची तुलना 28 किंवा 90 दिवसांच्या चाचणीशी. हे दोन आकडे एकमेकांसमोर चुकीचे ठेवले, तर पटींचा हिशेब कितीही मोठा आला तरी त्याला अर्थ नाही.

आता सर्वेक्षणाबद्दल. तू ‘मागच्या 24 तासांत काय काय खाल्लं’ अशा आहार मुलाखतीचे आकडे घेतलेस, चांगलं केलंस. अन्नपुरवठ्याच्या राष्ट्रीय ताळेबंदावरून काढलेला दरडोई आकडा म्हणजे देशात किती माल उपलब्ध होता त्याचा हिशेब. त्यात वाया गेलेलं आलं, आणि लहान मूल व म्हातारा माणूस एकाच मापाने मोजला जातो. मुलाखतीत निदान माणूस दिसतो. तरुणपणी मी अशा मुलाखती घेतल्यात. बाई सांगायची, “सकाळी दूध, दुपारी जेवण, रात्री जेवण, बस.” कागद बंद करता करता मी विचारायची, “मधे मुलाचं उरलेलं काही तोंडात टाकलं?” मग हसायची आणि बिस्किटांची यादी सुरू व्हायची. अमेरिकेच्या कृषी खात्याने बसवलेल्या पाच फेऱ्यांच्या मुलाखतीत ‘विसरलेले पदार्थ’ ही एक अख्खी फेरी आहे, ती उगाच नाही. लोक कमी सांगतात, हे शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेच्या मोजमापांशी ताडून पुन्हा पुन्हा दिसलंय. तुझ्या तक्त्यात ही कमी सांगण्याची बाजू आणि 100 टक्के वाट्याची जास्त धरण्याची बाजू एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. एकाने दुसरी भरून निघते असं मात्र लिहू नकोस, कारण किती भरून निघते ते मोजलेलं नसतं.

आणि त्या बिस्किटात काय असतं? लेसिथिन सोयाबीनचं, स्टार्च मक्याचा, सिरपही कदाचित मक्याचंच, तेल कुठल्याही बीचं. सर्वेक्षणात लिहिलंय नुसतं ‘बिस्किट, 4 नग’. ते नग फोडून घटकांपर्यंत नेलेस तरच त्यातलं सोयाबीन दिसेल. मुलांच्या आहारात तर सोयाबीन असं लपूनच जास्त येतं. तुझ्या पानावर सोया दूध आहे, टोफू आहे, बिस्किट नाही. घाल.

जास्त खाणाऱ्यांचा हिशेब करताना तू प्रत्येक पदार्थाचा 95 वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली 95 मुलं ज्याच्या खाली राहतात तो आकडा, घेऊन सगळे बेरजेला घातलेस. हे करू नकोस. भरपूर सोया दूध पिणारं मूल, भरपूर टोफू खाणारं मूल आणि भरपूर सोया नगेट्स खाणारं मूल ही तीन वेगळी मुलं असतात. तिघांचं पोट एकात घातलंस तर असं मूल निघेल जे दिवसभर नुसतं खातच असतं. एकेका व्यक्तीची मूळ माहिती हाताशी असेल, तर आधी प्रत्येक माणसाची बेरीज कर, मग त्या बेरजांचा पर्सेंटाइल काढ. हा क्रम उलटा झाला की गडबड होते. नुसते गोळाबेरीज आकडेच मिळत असतील, तर सर्वात जास्त वाटा असलेल्या एक-दोन पदार्थांसाठी वरचा आकडा घे आणि बाकीच्यांसाठी सरासरी, हा रुळलेला मार्ग आहे. सरासरी ‘सगळ्यांची’ की ‘खाणाऱ्यांची’ तेही लिही. शंभरातली पाचच मुलं सोया दूध पीत असतील, तर सगळ्यांची सरासरी नगण्य दिसते, आणि आपल्याला काळजी त्या पाचांचीच असते. ही पाच मुलं सर्वेक्षणात मुळातच थोडी असतील, तर 95 वा पर्सेंटाइल हवेत तरंगतो. एफ्सा 60 पेक्षा कमी निरीक्षणांवर काढलेल्या 95 व्या पर्सेंटाइलवर भरवसा ठेवत नाही. तूही ठेवू नकोस.

शिवाय एका-दोन दिवसांची मुलाखत म्हणजे ‘नेहमीचं खाणं’ नव्हे. ज्या दिवशी मुलाखत झाली त्या दिवशी घरी वाढदिवस असू शकतो. मोठ्या गटाची सरासरी त्याने फारशी हलत नाही, पण टोकाचे आकडे ताणले जातात. दीर्घकाळच्या सेवनासाठी ही गोष्ट अंदाज वरच्या बाजूला नेते. चालेल, फक्त माहीत असू दे.

शिजवल्याने प्रथिन मोडतं, ते वजा करू का, असं तू समासात पेन्सिलने विचारलंयस. पुरावा असल्याशिवाय नको. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, आणि मग प्रयोगशाळेत प्रथिन मोजणाऱ्या एलायझा चाचणीला ते ओळखता येत नाही. चाचणीला दिसलं नाही म्हणजे ते नाही, असं होत नाही. त्याचे तुकडे तिथे असू शकतात, आणि ॲलर्जीच्या दृष्टीने तुकडेही महत्त्वाचे. म्हणून कच्च्या दाण्याचं प्रमाण तसंच ठेवायचं. ही पुन्हा ठरवून केलेली अतिशयोक्ती.

मात्र आकडा फुगवणं दरवेळी सुरक्षित बाजूचंच असतं, असं समजू नकोस. तुझ्या पत्राला मी इतकं लांबलचक उत्तर देते आहे ते खरं तर या मुद्द्यासाठी.

ज्या पिकात पोषणच बदललंय ते घे. गोल्डन राइस या जीएम तांदळात बीटा-कॅरोटीन घातलंय, ते शरीरात अ जीवनसत्त्व होतं म्हणून. तिथे ‘लोक भरपूर तांदूळ खातात’ असं धरलंस तर फायदा फुगून दिसेल. ज्यांच्यासाठी तो तांदूळ काढला ती लहान मुलं दिवसाला मूठभरच भात खात असतील, तर कमी खाणाऱ्यांचा आकडा जास्त मोलाचा ठरतो. तसंच जास्त ओलेइक आम्ल असलेलं सोयाबीन. ओलेइक आणि लिनोलेइक ही तेलातली मेदाम्लं. या सोयाबीनमध्ये लिनोलेइक आम्ल खूप कमी झालेलं असतं, आणि ते शरीराला बाहेरूनच मिळवावं लागतं. त्या तेलाने नेहमीच्या सोयाबीन तेलाची जागा पूर्ण घेतली असं धरायचं, पण बघायचं काय वाढलं तेही आणि काय घटलं तेही. तिथे तेलाची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तुझ्या प्रथिनाच्या तक्त्यात त्याच तेलाच्या ओळीला जवळजवळ काहीच अर्थ नाही, कारण शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन नावालाच उरतं. पीक तेच, तेल तेच, प्रश्न बदलला की चूक कुठल्या बाजूला झालेली परवडते तेही बदलतं.

ॲलर्जीचं तर वेगळंच. नव्वदच्या दशकात सोयाबीनमधलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल वाढवायला ब्राझील नटमधलं जनुक घातलं होतं. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं या सोयाबीनलाही चिकटतात. ते वाण बाजारात आलंच नाही. तिथे कुणी ‘पण लोक खातील किती थोडं’ असा हिशेब मांडला नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं. ज्याला ॲलर्जी आहे त्याला सरासरीचा काय उपयोग?

आणि तुझ्या साहेबांच्या गृहीतकाच्या नेमकं उलटं गृहीतक कसं फसतं ते ‘स्टारलिंक’ या जीएम मक्यात दिसलं. 1998 साली अमेरिकेत त्याला फक्त जनावरांच्या खाद्यासाठी आणि औद्योगिक वापरासाठी परवानगी मिळाली, कारण त्यातलं क्राय9सी हे प्रथिन पचनात सहज मोडत नव्हतं आणि ॲलर्जीची शंका फिटली नव्हती. हिशेब सोपा होता की माणूस हा मका खाणार नाही, म्हणजे सेवन शून्य. सप्टेंबर 2000 मध्ये तोच मका माणसांच्या खाण्यात, मक्याच्या कुरकुरीत टाको शेल्समध्ये सापडला. शेतात वारा परागकण नेतो आणि कोठारात सगळे दाणे सारखेच दिसतात, याचा विचार त्या शून्यात नव्हता. त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्यातल्या 28 जणांच्या तक्रारींचा तपास केला आणि 2001 मध्ये सांगितलं की त्यांची लक्षणं या प्रथिनाच्या ॲलर्जीमुळे असल्याचा पुरावा मिळाला नाही. पण तोवर माल परत बोलवावा लागला होता. 100 टक्के धरणाऱ्यावर कुणी हसलं तर हसू दे. शून्य धरणाऱ्याला मात्र नंतर उत्तर द्यावं लागतं.

म्हणून सही कर, पण या तक्त्यावर नको. मथळा बदल. ‘लोकांचे दैनंदिन सेवन’ काढून टाक आणि लिही, ‘सर्व सोयाबीन या वाणाचे असल्यास संभाव्य कमाल सेवन’. लांबलचक आहे, दिसायला वाईट आहे, असू दे. मथळा तक्त्याच्या आत, पहिल्याच ओळीत बसव, वर वेगळा नको. पान फोटो काढून पाठवलं जातं तेव्हा वरचा मजकूर आधी कापला जातो. तळटीपेवर तर भरवसाच ठेवू नकोस, छापणारा तळटीप वाचत नाही. जमलं तर शेजारी दुसरा रकाना घाल, वाटा 10 टक्के धरला तर किती, 50 टक्के धरला तर किती. नुसता भागाकार आहे. पण वाचणाऱ्याला लगेच दिसतं की हा आकडा गृहीतकाबरोबर हलतो. साहेबांना हे आवडणार नाही असं वाटत असेल, तर दुधाची चूक स्वतःहून आधी सांग आणि मग मथळ्याचं बोल. स्वतःची चूक पुढ्यात ठेवणाऱ्या माणसाचं दुसरं म्हणणं लोक जास्त शांतपणे ऐकतात.

मामाचं उत्तर? त्यांना सांग, “मामा, मी किती खाल्लं ते मोजत नाही. कितीही खाल्लं तरी चालेल का, ते मोजते.” एवढ्याने ते गप्प बसणार नाहीत. म्हणतील, लेबलवर असतं ना? असतं, काही ठिकाणी. युरोपीय संघात एखाद्या घटकातला जीएम अंश 0.9 टक्क्यांपर्यंत असेल आणि तो नकळत, टाळता न येण्याजोगा मिसळला असेल, तर लेबल लागत नाही. त्यापुढे लागतं. जीएम सोयाबीनच्या तेलावरही लागतं, तेलात प्रथिन नसलं तरी. आणि जीएम चारा खाल्लेल्या गाईच्या दुधावर लागत नाही. म्हणजे लेबल फार तर ‘आहे’ म्हणून सांगतं, ‘किती’ ते सांगत नाही. खरा आकडा हवा असेल तर प्रत्येक घटकाचा उगम, त्या वर्षीच्या मालातला त्या वाणाचा वाटा आणि मामाची महिनाभराची खाण्याची वही, हे सगळं लागेल. वही ठेवायला सांगून बघ. दुसऱ्या दिवशी विषय बदलतील.

दुरुस्त केलेलं पान पाठवलंस तर बघीन. त्यात शुद्ध तेलाची ओळ काढून टाकू नकोस, शून्य लिही आणि शून्य का ते शेजारी लिही. लेसिथिनला मात्र शून्य लिहू नकोस. त्यात प्रथिनाचा अंश उरतो.